बाटलीवर लिहिलं होतं पेप्टोन

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहायला बसलो तेव्हा माझी बायको लक्ष्मी हसायलाच लागली. "एमय्या," आमच्या तेलुगूतलं 'अहो' ते, "जन्मभर बाटल्या धुतल्या, त्याचं काय लिहिणार?" तिचंही बरोबर आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात मी प्रयोगशाळा सहायक होतो. निम्मं आयुष्य बाटल्या धुण्यात गेलं आणि उरलेलं निम्मं स्वयंपाकात. पण ज्यांच्यासाठी रांधलं ती मंडळी डोळ्यांना दिसत नव्हती, म्हणून घरात त्या स्वयंपाकाचं कधी कौतुक झालं नाही.

जिवाणू वाढवायचे तर त्यांना खाऊ घालावं लागतं. त्या जेवणाला आमच्यात माध्यम म्हणतात. पातळ असलं की मी त्याला रस्सा म्हणायचो. त्यातच आगर घातलं, म्हणजे ते समुद्रातल्या शेवाळाचं चायना ग्रास हो, की तो खरवसासारखा थिजतो. मग तो काचेच्या चपट्या बशीत ओतायचा. त्यावर जिवाणू पसरले की दुसऱ्या दिवशी सगळीकडे सायीसारखा थर येतो. रस्सा शिजवायचा, घरच्या कुकरच्या थोरल्या भावात घालून निर्जंतुक करायचा आणि बाटलीवर नावाची चिठ्ठी डकवायची, एवढं माझं काम. माझ्या खोलीला मुलं 'मामाचं हॉटेल' म्हणायची. मामा म्हणजे मी, राजेशम.

खोलीला एकच खिडकी होती आणि ती पूर्वेकडे, पेठेच्या बाजूला उघडायची. दिवसभर मागांचा खटक-खटक आवाज यायचा. माझे वडीलही तिकडंच मागावर बसायचे. मला त्यांनी लहानपणीच मागावरून उठवलं होतं. "हा धोटा हातात धरतो आणि ढगात जातो," असं ते येईल त्याला सांगायचे. खोटं नव्हतं ते. मी तंद्रीचाच माणूस. दुपारी कुकरची वाफ खिडकीतल्या उजेडात शिरायची, आवाज लांब लांब जायचा, आणि मी उभ्याउभ्या कुठंतरी निघून जायचो. कुठं, ते आजही सांगता येणार नाही. पण तिथं बरं वाटायचं. त्याच तंद्रीनं एका मुलीचं वर्ष खाल्लं, तेच आज सांगायला बसलोय.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. कमल मोडनिंबची. तिच्या वडिलांचं तिथं हायवेला लागून भांड्यांचं दुकान होतं. त्यांना सगळे आण्णा म्हणत. गावातली पोरगी संशोधन करते, हे आण्णा गिऱ्हाइकाला तांब्याचा पिंप दाखवता दाखवता सांगायचे म्हणे. कमल हॉस्टेलवर राहायची. दोन वेण्या, कोटाच्या खिशात शाईचं पेन आणि तोंड अखंड चालू. "मामा, आज रस्सा लई झ्याक झालाय की! माझे जिवाणू नुसते फुगलेत बघा," असं म्हणत खोलीत यायची. मला भाची नव्हती. तिनं मामा म्हटलं की ते नुसतं कॉलेजातलं मामा वाटायचं नाही.

तिचा विषय होता जिवाणू खाणारे विषाणू. ऐकायला भयंकर वाटतं, पण ते आपल्या वाटेला जात नाहीत. गावाच्या गटारात, नाल्यात असतात आणि आपल्या आतड्यातल्या जिवाणूंवर जगतात. कमल दर आठवड्याला नाल्याचं पाणी बाटलीत आणायची, बारीक गाळायची आणि जिवाणूंबरोबर बशीत पसरायची. विषाणू जिवाणूला चिकटतो, आपला ऐवज आत सोडतो, आतल्या आत पिल्लं घडवतो आणि जिवाणू फुटतो. ती पिल्लं शेजारच्यांना धरतात. दुसऱ्या दिवशी त्या सायीच्या थरात एक गोल, स्वच्छ भोक दिसतं. एक भोक म्हणजे सुरुवातीचा एक विषाणू. बशीच्या पाठीवर शाईचा ठिपका देत देत ती भोकं मोजायची. उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती, कुठल्या नाल्याला किती, अशी वर्षभराची नोंद तिला करायची होती.

पहिली भोकं आली तो दिवस मला आठवतो. तिनं बशी खिडकीच्या उजेडात धरली. "मामा, बघा की, चांदणं पडलंय!" मी बघितलं. दुपारचे बारा वाजलेले, बाहेर सोलापूरचं ऊन आणि हातभर अंतरावर ते एवढंसं आभाळ. आम्ही दोघं किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. कुकरची शिट्टी झाली तेव्हा भानावर आलो.

आता माझी चूक सांगतो. रस्सा करायला पेप्टोन नावाची पिवळसर पूड लागते. मांस पचवून, वाळवून केलेली. मुंबईहून डब्यातून यायची. तिला हवेतलं पाणी ओढायची भारी खोड. झाकण घट्ट लावलं नाही की दोन दिवसांत गूळ आणि चार दिवसांत डांबर. त्या पावसाळ्यात मी पूड मोजली, डबा उघडाच ठेवला आणि खिडकीपाशी तंद्रीत गेलो. मग चार दिवस सुट्टी लागली. परत आलो तर डब्यात काळसर चिकट लगदा, आणि वर बुरशीची मिशी फुटलेली.

देशमाने सर आमचे विभागप्रमुख. माणूस सरळ, पण हयगय म्हणाल तर अंगावर यायचे. आधी एकदा माझ्या तंद्रीपायी थर्मामीटर फुटला होता, तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "राजेशम, पुढच्या वेळी थेट मेमो." नवा डबा मागवायचा तर जुन्याचं काय झालं ते लिहून द्यावं लागणार. मी लगदा मागच्या खड्ड्यात पुरला आणि घरी आलो.

शेजारी खैरूनबी राहायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. लग्नाकार्यात मटण शिजवण्यात तिचा हात कुणी धरायचा नाही. त्या संध्याकाळी ती ओट्यावर बसून मटणाला कच्ची पपई चोळत होती. मला बघून म्हणाली, "ऐसा क्या देखता रे? बुड्ढा बकरा है. कच्ची पपई लगाए तो कइसा नै गलता, मैं बी देखती." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पेप्टोन म्हणजे तरी काय, पचवलेलं मांसच की!

दुसऱ्या दिवशी सुरू केलं. मटण आमच्याकडं एका वेगळ्या माध्यमासाठी तसंही यायचं, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. चरबी काढली, खिमा केला, पपईचा कीस सालीसकट, चिकासकट घातला आणि गरम पाण्यात भांडं ठेवून दिलं. चार तासांत खिम्याचं पाणी झालं. उकळलं, मांजरपाटातून दोनदा गाळलं, सोडा टाकून आंबटपणा मारला. मधासारखा रंग आला. बाटल्यांत भरलं आणि चिठ्ठीवर लिहिलं 'पेप्टोन रस्सा'. अक्षर माझं फार चांगलं. तेवढ्यासाठी तरी सर मला मानायचे.

जिवाणू असे वाढले की विचारू नका. सर स्वतः एकदा बशी बघून म्हणाले, "राजेशम, सुधारलात." मला आतून गुदगुल्या झाल्या. पुढचं जवळजवळ वर्षभर कमलनं त्याच रश्श्यावर काम केलं. तिची जाड वही आकड्यांनी भरत गेली. आणि मी खरंच विसरलो, की चिठ्ठीवरचं नाव खोटं आहे.

मग सरांनी ठरवलं की प्रबंधात मांडायचं काम मोजूनमापून, शुद्ध माध्यमावर व्हायला पाहिजे. मुंबईहून नवा डबा आला. दुधातलं प्रथिन आम्लात उकळून तोडलेली पांढरीशुभ्र पूड. मला तर सुटल्यासारखं झालं. पपई संपली, भानगड संपली. कमलनं नव्या बशांवर नाल्याचं पाणी पसरलं. दुसऱ्या दिवशी बघते तर साय जशीच्या तशी. एक भोक नाही.

"मामा, माझंच काहीतरी चुकलं असणार," ती म्हणाली. परत केलं. परत कोरं. साठवलेले जुने विषाणू काढले, ज्यांनी आधी शेकड्यांनी भोकं पाडली होती. तेही गप्प. तिचं बोलणं कमी होत गेलं. सर आधी समजुतीनं विचारायचे, मग कपाळाला आठी घालून. आणि मला कळलं. सगळं तेच होतं, फक्त रस्सा बदलला होता. बाकीच्यांच्या लेखी आधीचीही मुंबईचीच पूड; तो रस्सा पपईचा होता हे विभागात मला एकट्याला ठाऊक होतं. का होतं ते कळत नव्हतं, पण कशामुळं होतं ते पक्कं कळलं होतं.

बोलायचं सोडून मी काय केलं? लाज वाटते सांगायला. कपाटात मागं पपईच्या रश्श्याची एक जुनी बाटली राहिली होती. मी तिच्या नव्या माध्यमात त्यातलं चमचाभर घातलं, गुपचूप. दुसऱ्या दिवशी बशांवर चांदणं! पोरगी खोलीत नाचत आली. "मामा! आले की हो परत!" मी हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

सरांना ते आकडे पटले नाहीत. आठ दिवस शून्य आणि एका दिवसात भरगच्च? "उद्या मी स्वतः माध्यम करतो, मी ओततो, मी पसरतो," ते म्हणाले. त्यांनी पूड स्वतः मोजली. मला खोलीत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर आठ बशा, आठही कोऱ्या. मी दाराशी उभा होतो.

"कमल," सर शांतपणे म्हणाले, "एकदाच विचारतो. आधीचे आकडे न मोजता, बसून लिहिलेस का?"

ती बशीकडं बघत राहिली, जणू अजून एखादं दिसेल. मग म्हणाली, "सर, मी मोजलीत. एकेक भोक मोजलंय." सर म्हणाले, "वडिलांना पत्र टाकतो." ती म्हणाली, "नको सर. मीच जाते." संध्याकाळच्या एस.टी.नं ती मोडनिंबला गेली. जाताना खोलीत डोकावली. "येते मामा," एवढंच. कोट खुंटीवर तसाच लटकत राहिला.

घरी मी लक्ष्मीला सगळं सांगितलं. ती भात वाढत होती. पळी खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला मेमोची भीती. आणि त्या पोरीनं तोंड कुठं लपवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईतून एक कच्ची पपई घेतली आणि थेट सरांच्या टेबलावर ठेवली. "हे काय?" सर म्हणाले. मी सगळं ओकलो. डबा, डांबर, खड्डा, खाला, खिमा, मांजरपाट, चोरून घातलेला चमचा. सर लालबुंद झाले. उठून उभे राहिले, परत बसले. "नालायक माणूस!" म्हणाले. "एका माणसाच्या हयगयीपायी मी त्या मुलीला खोटारडी ठरवलं!" मग पपई उचलून उलटसुलट बघितली. आणि एकदम, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "पण ह्यात असं काय आहे हो, जे त्यात नाही?"

शास्त्रज्ञ हा असा असतो. शिवी अर्धी राहते आणि प्रश्न पुढं निघतो.

दोन्ही माध्यमं म्हणजे तुटलेली प्रथिनंच. प्रथिन तुटतं तेव्हा बारीक बारीक रेणू सुटे होतात, वीसेक जातींचे. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. प्रत्येक पेशीत ते असतातच. आमच्या कपाटात त्यांची एक पेटी होती, कागदावर ठिपके पाडायच्या प्रयोगासाठी ठेवलेली. प्रत्येकाची करंगळीएवढी बाटली. सर म्हणाले, "शुद्ध माध्यम करा. एकेका बशीत एकेकाची चिमूट. आणि राजेशम, तंद्री लागली तर जीव घेईन." त्या दुपारी मी पहिल्यांदा खिडकीकडं पाठ करून बसलो. प्रत्येक बशीच्या पाठीवर खरं नाव लिहिलं, दोनदा ताडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकेक बशी उचलत गेलो. कोरी. कोरी. कोरी. शेवटून तिसरी बशी सरांनी उजेडात धरली. बशी माझ्या हातात दिली. गच्च चांदणं. पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ट्रिप्टोफॅन.

सर ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं घेऊन आले. जगात हे कुणाकुणाला आधीच ठाऊक होतं. आमच्या दारापर्यंत पोचलं नव्हतं एवढंच. त्यांनी मला हातवारे करून समजावलं. हा विषाणू कोळ्यासारखा. त्याला शेपूट आणि शेपटाला बारीक पाय. पाय जिवाणूच्या अंगावर टेकले तरच तो चिकटणार. पण ह्यातल्या काही जातींचे पाय एरवी पोटाशी दुमडलेले, आणि कमलच्या नाल्यांतले नेमके त्याच जातीचे. सरांनी बोटं मुठीत मिटून दाखवली. "हा एवढासा रेणू येऊन लागला," म्हणत त्यांनी बोटं हळूहळू उघडली, "की पाय मोकळे. नाही आला, तर शेजारून जिवाणू गेला तरी हा आपला तसाच." पपई मांस हळुवार तोडते, त्यात हा रेणू शाबूत राहतो. आम्लात उकळलं की बाकीचे बहुतेक तगतात, हा मात्र मोडतो. म्हणजे शुद्ध माध्यमात नेमका तोच नव्हता.

तेव्हापासून मला ते कधीकधी दिसतात. झोपेत नाही, असाच बसलो असताना. गढूळ पाण्यात असंख्य उभे आहेत, पाय पोटाशी घेऊन. शेजारून जिवाणू तरंगत जातात. कुणी हलत नाही. मग कुठूनतरी तो बारीकसा रेणू येतो, इतका बारीक की त्याला येणं म्हणावं की नाही, आणि एकाचे पाय सुटतात. मग दुसऱ्याचे. एका जिवाणूचा सर्वनाश सुरू होतोय खरं तर, पण बघताना फार शांत वाटतं. लक्ष्मी म्हणते, "गेले परत."

सर पत्र लिहिणार होते. मी म्हटलं, "पत्र नको, मी जातो." त्यांनी पत्र लिहिलंच, माफीचं, स्वतःच्या हातानं, आणि माझ्याकडं दिलं. मी ती बशी घेतली, आत फॉर्मलीनचा बोळा ठेवून सगळे जीव मारले, कडा मेणानं बंद केल्या आणि जेवणाच्या डब्यात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त मांडीवर डबा धरून बसलो. शेजारची म्हातारी म्हणाली, "काय बांधलंय पाव्हणं, वास येतोय?" म्हटलं, "औषध हाय आजी." तंद्री लागायची फार इच्छा होती. लागली नाही.

आण्णा दुकानात पितळेची घागर पुसत बसले होते. माझं नाव सांगितलं तसे उठले. "या. पोरगी काय बोलंना झालीया. कुणी काय म्हणलंय का तिला तितं?" मी म्हटलं, "चूक माझी आहे, आण्णा. तिला बोलवा."

कमल आतून आली. मी बशी तिच्या हातात दिली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं बशी दारातल्या उजेडात धरली. आण्णा वाकून बघायला लागले. "ह्ये काय हाय? भोकं कशाची?" तिचं बोट बशीच्या पाठीवर हळूहळू सरकत होतं. ती मोजत होती. मोजून झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुम्हाला किती दिवस ठाऊक होतं?"

"आठ-दहा दिवस," मी म्हटलं.

"वही मी काल सकाळी बंबात घातली," ती म्हणाली. "सगळे मला खोटं म्हणणार, मग ठेवायची कशाला?"

काल सकाळी. इकडं आम्ही एकेक बशी उजेडात धरत होतो, तेव्हा तिकडं अंघोळीचं पाणी तापत होतं. उन्हाळा, पावसाळा, सगळे नाले, सगळे ठिपके. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. परक्या गावात, भांड्याच्या दुकानात, चाळिशीचा माणूस. आण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सरांचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "व्हय, पर खोटं न्हाय न्हवं लिहिलं तिनं?" म्हटलं, "एकही आकडा नाही." "मग जाऊ द्या वही. आकडं नाल्यात हायेत की अजून." आणि मुलीकडं वळून म्हणाले, "पिशवी भर."

ती आली. सगळं पहिल्यापासून सुरू झालं, पुन्हा एक उन्हाळा, पुन्हा एक पावसाळा. मला मेमो मिळाला. काढून टाकलं नाही. सर म्हणाले, "ह्यांना काढलं तर पपईचा रस्सा कोण करणार?" विभाग हसला. कमल हसली नाही. माझ्याशी ती वाईट वागली असं नाही. पण माझ्या हातचं काही घेईनाशी झाली. स्वतः मांस आणायची, स्वतः पपई किसायची, स्वतः गाळायची. बाटल्यासुद्धा स्वतः धुवायची. मी एकदा म्हटलं, "ठेवा की, मी धुतो." ती म्हणाली, "राहू द्या, राजेशम." मामा गेला होता. उरलं नुसतं नाव. आपली चूक म्हणून ऐकून घेतलं, पण दुपारी खिडकीपाशी उभा राहिलो की तोच शब्द कानात घुमायचा. आवडती तंद्रीही नकोशी झाली.

वर्ष संपलं. प्रबंध गेला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक यायचे होते आणि सरांनी कळवलं होतं की दोन्ही माध्यमांवरचा प्रयोग त्यांच्यासमोर मांडायचा. इथं भोकं, तिथं कोरं. हे जमलं तर पदवी. आदल्या दिवशी सकाळी कमल माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ओठ कोरडे, हातात एक पपई.

"रात्रभर झोप नाही," ती म्हणाली. "किसताना बोट कापलं." मग खाली बघत म्हणाली, "उद्याचा रस्सा तुम्ही लावा, मामा."

मी पपई घेतली. म्हटलं, "जा, जरा पड तू. तासाभरात चहा पाठवतो." ती गेल्यावर खिडकी लावून घेतली. चरबी काढली, खिमा केला, सालीसकट कीस घातला. चार तास स्टुलावर भांड्यासमोर बसून राहिलो. पेठेतले माग वाजत होते, पण मी कुठंही गेलो नाही. उकळलं, मांजरपाटातून दोनदा गाळलं, सोडा टाकला. मधासारखा रंग आला. बाटल्या भरल्या, कुकर उतरवला आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

हात सवयीनं 'पे' लिहून गेला. ती चिठ्ठी फाडली. दुसरी घेतली आणि माझ्या त्या चांगल्या अक्षरात सावकाश लिहिलं: बोकडाचं मांस, कच्ची पपई, सोडा, पाणी. करणार, राजेशम.